तांडेल घरात आहे

१४ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग

सणाची टर्की आणली नाही. घरात माणसं दोन, त्यातलं एक मऊ भातावर. त्यांच्यासाठी एवढा मोठा पक्षी भाजायचा हा शुद्ध वेडेपणा. कोंबडी केली. मी खाल्ली. लेस्टरने दोन घास घेतले, ताट पुढे सारलं आणि जिन्याखालच्या लहान खोलीत जाऊन दार लावून घेतलं. संडास त्या खोलीला लागूनच आहे, म्हणून मे महिन्यापासून तो तिथे झोपतो. सोयीचं आहे. पलंग मीच लावून दिला.

रोज काहीतरी लिहायची सवय कॉलेजात होती. लग्न झालं, शाळेत गणित शिकवायला लागले आणि ती सुटली. आज पुन्हा बसले आहे, कारण जेवताना बोलायला कुणी उरलं नाही आणि स्वतःशी मोठ्याने बोलणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

जे आहे ते नीट लिहावं. लेस्टरच्या मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात. बरीच वर्षं झाली. मध्येच महिनोनमहिने तो बरा असतो, मग पुन्हा रक्त, कळा आणि धावपळ. या दुखण्याला घरात फक्त 'पोट' म्हणायचं, असं त्याने पहिल्याच वर्षी ठरवलं. बाहेर तर तेही म्हणायचं नाही. लेस्टर शेवंडं पकडणाऱ्या बोटीचा तांडेल, तिचा मालक आणि कप्तान; अशा बोटीवर संडास नसतो. तीन माणसं, एक बादली आणि सगळीकडून उघडा समुद्र. मेमधल्या एका दुपारी निम्मे सापळे ओढायचे बाकी असताना त्याने बोट वळवली आणि सरळ धक्क्याला लावली. खलाशांशी एक शब्द बोलला नाही. घरी आला आणि आतले सगळे कपडे परसातल्या पिंपात जाळले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. काय झालं असेल ते कळलं. विचारलं नाही.

त्यानंतर तो बोटीवर गेलेला नाही.

२२ ऑक्टोबर

यार्मथला, जवळच्या शहरात, डॉक्टरांकडे गेलो. नवीन आहे, डॉक्टर अमिरो. माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींपेक्षा फार मोठी नसेल. पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, स्टेरॉइडच्या गोळ्या वाढवल्या. इथवर ठीक. मग खुर्ची पुढे ओढून लेस्टरला विचारते, "झोप लागते का?"

"लागते," मी म्हटलं. "दुपारीसुद्धा."

"आणि एखादी गोष्ट करावीशी वाटते का? कशात मन लागतं?"

"त्याला मी रोज टपालपेटीपर्यंत चालायला लावते," मी म्हटलं.

"मिसेस निकर्सन, मी त्यांना विचारतेय."

लेस्टर तिच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या आतड्याकडे बघत होता. म्हणाला, "ती म्हणते तसंच."

मग तिने समजावलं. पोट आणि मेंदू एकमेकांना सतत निरोप धाडत असतात, दोन्ही बाजूंनी. आतडं सुजलं की मन खाली जातं, मन खाली गेलं की आतडं आणखी पेटतं. लेस्टरला नैराश्य आलेलं असू शकतं, त्यावरही औषध घ्यावं, कुणाशी तरी नियमित बोलावं. मी म्हटलं, एका वेळी एक आजार पुरे. आधी पोट आवरा, मन आपोआप रांगेत येईल. मुलगी हसली नाही. म्हणाली, "पुष्कळदा तसं होत नाही."

परतताना गाडीत मी विचारलं, "तुला उदास वाटतं का?"

"तू म्हणतेस तसं," तो म्हणाला.

सरळ उत्तर म्हणून मी ते मोजत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

चर्चहून आले तर फाटकापाशी क्लेटन उभा. लेस्टरचा पहिला खलाशी. सोळाव्या वर्षापासून त्याच्या हाताखाली आहे आणि त्याआधी माझ्या वर्गात होता. आता केस पिकले, तरी मला बघून हातातली सिगारेट पाठीमागे लपवतो.

"बाई, मोसम आला. बोट मी नेऊ का? तांडेलला विचाराल?"

"आत ये आणि तूच विचार."

"नको."

"का नको? मेपासून तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. अठ्ठावीस वर्षं रोज इथे बसून माझी बिस्किटं संपवलीस."

तो बुटाने खडे उकरायला लागला. "बाई, आमच्यात तसं करत नाहीत. पाणी एखाद्याच्या मनातून उतरलं ना, की त्याच्यापुढे पाण्याचं नाव काढायचं नाही. बोटीवरच्या माणसांनी तर समोरही जायचं नाही. आपण गेलो की आपल्याबरोबर बंदराचा धक्काही त्याच्या घरात जातो. एप्रिलात आपल्या बंदरातल्या व्हर्ननची बोट बुडाली, तेव्हा शोधायला लेस्टर होता ना. तिच्या नावाची फळी त्यानेच पाण्यातून उचलली. कुणाचंही काळीज फाटेल. यात लाज नाही, बाई. मी तर तुमच्या गणिताच्या तासाला याहून जास्त घाबरायचो."

लेस्टर म्हणे समुद्राला घाबरला! आणि साऱ्या बंदराने हे ठरवूनसुद्धा टाकलंय. म्हणून दुकानात माझ्याशी फक्त बटाट्यांबद्दल बोलतात होय!

आत जाऊन त्याला सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. तो पलंगावर बसला होता, मान न उचलता म्हणाला, "समजू दे त्यांना तसंच."

"आणि तू गप्प बसणार?"

"भीती बरी, आर्डिथ. भ्यायलेल्या माणसासमोर लोक टोपी काढतात. बादलीवर बसलेल्या माणसासमोर काय काढतील?" मग म्हणाला, "तू सांगायचं नाहीस. शब्द दे."

दिला. क्लेटनला बोट न्यायला सांगितलं.

खरं सांगायचं तर इथल्या लोकांची ही रीत मला सभ्य वाटते. माझ्या माहेरी, सफरचंदांच्या खोऱ्यात, शेजारी आजाऱ्याच्या उशाशी बसून सल्ले देऊन देऊन त्याला निम्मा मारतात.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सापळे टाकायचा दिवस. उजाडायच्या आत सगळं बंदर धक्क्यावर. बोटींवर सापळे इतके उंच रचलेले की खाली बोट आहे हे विश्वासावर घ्यायचं. पाद्री आशीर्वाद देऊन मोकळे झाले, त्यांनाही थंडी वाजत होती.

लेस्टर आला नाही. त्याचं गरम जाकीट दारापाशी काढून ठेवलं होतं. मी निघताना ते खुंटीवर परत गेलेलं होतं.

पहिल्या दिवसाचं जेवण तांडेलच्या घरून जातं. काकवी घालून केलेला काळा पाव आणि मंद भट्टीत शिजवलेले बीन्स. मी नेलं. क्लेटनने दोन्ही हातांनी भांडं घेतलं आणि टोपी काढली. त्याच्या मागच्या दोघांनीही काढली. कुणी गेलं की अशा टोप्या निघतात. मी म्हटलं, "घाला त्या, कान गोठतील."

बोटीचं नाव 'आर्डिथ जे.' आहे. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचं बारसं झालं. तेव्हा मी लेस्टरला म्हटलं होतं, बोटीवर बायकोचं नाव म्हणजे दिखाऊपणा. तो म्हणाला होता, "घरातली मला ओरडते, म्हणून ही एक. ही फक्त घुरघुरते." आज ती इतरांबरोबर खाडीबाहेर पडली. नावाची अक्षरं त्याने वसंतात स्वतः रंगवलेली, अजून कोरी दिसतात. ती दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले. वारा होता, डोळ्यांना त्रास झाला.

घरी आले तर तो खोलीत, भिंतीकडे तोंड करून. बूट मात्र ओले होते. कुठे गेला होता, विचारलं नाही. आमच्या घरामागच्या टेकाडावरून खाडीचं तोंड दिसतं.

५ डिसेंबर

स्वयंपाकघरात वायरलेस आहे. इथे प्रत्येक घरात असतो. बोटी एकमेकांशी बोलतात, घरच्या बायका ऐकतात आणि बटाटे सोलतात. मी रोज सकाळी लावते. या मोसमात जरा मोठाच लावते. माणसाला आपल्या कामाचा आवाज कानावर पडला की पाय आपोआप उठतात, असा माझा समज आहे. लेस्टरने दोनदा म्हटलं, "हळू कर." मी म्हटलं, "मला कमी ऐकू येतं." माझे कान उत्तम आहेत.

या वायरलेसवरचा त्याचा आवाज निराळा असे. घरात बोलतो त्यापेक्षा खोल, संथ. शेवटचा सापळा पाण्यात गेला की म्हणायचा, "आर्डिथ जे. घरी निघाली. किटली ठेवा." साऱ्या बंदरासमोर! दुकानात बायका मला विचारायच्या, "ठेवली का किटली?" मी त्याला कितीदा बजावलं की ती सरकारी लहर आहे, चहा मागवायची नव्हे. त्याने कधी ऐकलं नाही.

आज टपाल टाकायला निघाले होते. फाटकापर्यंत गेले आणि चष्मा विसरला म्हणून मागच्या दाराने परत आले. स्वयंपाकघरात लेस्टर वायरलेससमोर बसला होता. पायजम्यात. क्लेटन दुसऱ्या एका तांडेलला विचारत होता, तळ कसा लागतोय, पूर्वेच्या खडकाकडे सरकावं का. लेस्टरच्या हातात माईक होता, बटण दाबलेलं नव्हतं. तो उत्तर देत होता. हलक्या आवाजात, पण तोच आवाज. "आज नको. वारा दुपारी फिरेल. चिखलाच्या कडेने टाक, क्लेटन, खडकावर दोर कापतील." तिकडे क्लेटन म्हणाला, "बरं, खडकाकडेच जातो मग." लेस्टर म्हणाला, "गाढवा."

मी आवाज न करता दार ओढून घेतलं आणि निघाले. चष्म्याशिवाय दुकानापर्यंत गेले. काही घ्यायचं नव्हतं. दोर घेतला.

१७ डिसेंबर

पोट वाईट. चादरी रोज धुते. त्याने स्वतः धुवायचा हट्ट धरला, मी ऐकलं नाही. आजारी माणसाने चादरी धुतल्या तर आपण काय करायचं?

त्याने माझे आभार मानले. लग्नाच्या इतक्या वर्षांत चादरीसाठी आभार कधी मानले नव्हते. परक्यासारखे मानले.

६ जानेवारी

लिहायला आनंद वाटतो की सुधारणा आहे. नाताळपासून संडासाच्या फेऱ्या उतरल्या. रक्त नाही. जेवण फारच कमी झालंय हे खरं, पण पोटाला विसावा हवाच असतो. "नाही खाल्लं तर शांत असतं," तो म्हणतो. सूप अर्धी वाटी घेतो. वजन उतरलंय, पण पूर्वी जरा जास्तच होतं.

मुख्य म्हणजे तो उठला! सकाळी दाढी केली, परसात जाऊन लाकडं फोडायला घेतली. थोडी फोडतो, बसतो, पुन्हा फोडतो. मी म्हटलं, एवढी कशाला, हिवाळा अर्धा सरला. म्हणाला, "पुढच्या वर्षाला होतील."

डॉक्टर अमिरोला आठवणीने हे कळवलं पाहिजे. शिस्तीपुढे उदासपण टिकत नाही.

१३ जानेवारी

आज तळघरात नेऊन त्याने मला घर गरम ठेवणारी तेलाची भट्टी बंद पडली तर पुन्हा कशी चालू करायची ते दाखवलं. मी म्हटलं, तू आहेस की. म्हणाला, "तुला यायला हवं." दोनदा करून घेतलं. शिकवतो छान. शाळेत शिक्षक झाला असता. मग जनरेटर, मग पाण्याचा मुख्य नळ. मी बाजूला उभी राहून त्याच्या हातांकडे बघत होते. किती दिवसांनी त्याच्या इतकी जवळ उभी होते. त्याच्या स्वेटरला लाकडाच्या भुश्शाचा वास येत होता. हात लावावासा वाटला. काम चाललं होतं, म्हणून लावला नाही.

१८ जानेवारी

त्याने छपरी आवरली. वर्षानुवर्षं मी सांगत होते! चर्चच्या तळघरात पुढच्या आठवड्यात जुन्या वस्तूंची विक्री आहे, त्यासाठी तीन खोकी भरली आणि दोराने बांधली. काय दिलं, विचारलं. "नको ते," म्हणाला. उघडून पाहिलं नाही. लेस्टरने मारलेली गाठ सोडवायला दुपार लागते. खोकी मीच गाडीत घातली आणि पोचवली. परत आले तेव्हा तो टेबलापाशी बसला होता. अगदी शांत दिसला. कित्येक महिन्यांत असा निवांत चेहरा पाहिला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला खारवलेला कॉड, बटाटे आणि वर चरबीचे कुरकुरीत तुकडे केले, त्याच्या आवडीचे. त्याने खाल्लं नाही, पण मी खात असताना समोर बसून राहिला. मला बघत होता. मी म्हटलं, "काय बघतोस?" म्हणाला, "काही नाही. तू नेहमी बटाटा आधी संपवतेस."

२४ जानेवारी, शुक्रवार

आजचं लिहायला मला वेळ लागतो आहे.

दुपारी बर्निस आली, क्लेटनची बायको. तीही माझी विद्यार्थिनी, वर्गात तोंड उघडायची नाही. बगलेत एक गठ्ठा, वरून टॉवेल गुंडाळलेला. दारातच म्हणाली, "तांडेल कुठेयत?"

"झोपलाय. काय झालं? आणि आत ये, थंडी आत येते."

ती आत आली. टेबलावर गठ्ठा ठेवून टॉवेल काढला. लेस्टरचे बोटीवरचे नारिंगी रबरी कपडे. विजार, डगला, दोन्ही. धुऊन, घडी करून.

"खोक्यात होते," ती म्हणाली. "वस्तू लावायला बसलो होतो आम्ही बायका. मी खोकं उघडलं. सगळ्यांचे हात थांबले."

मी गठ्ठ्याकडे बघत राहिले. या बंदरात इतकी वर्षं काढल्यावर मला कुणी सांगायची गरज नव्हती. बोटीवरचे रबरी कपडे फाटले तर जाळतात, आखूड झाले तर पुतण्याला देतात. चर्चच्या विक्रीला ते फक्त विधवा देतात. जिवंत माणूस स्वतःच्या हाताने देत नाही.

"त्याला आता बोटीवर जायचं नसेल," मी म्हटलं. "म्हणून दिले."

"बाई, आज तुम्ही बसा. मी बोलते." तिने खरोखरच खुर्ची ओढून मला बसवलं. "क्लेटन म्हणाला, जाऊ नकोस, आपल्यात तसं करत नाहीत. मी म्हटलं, खड्ड्यात गेलं आपल्यात. माझा काका असाच आवरायला लागला होता, बाई. लाकडं फोडली, काकूला ट्रक चालवायला शिकवलं. सगळे म्हणायचे, किती सुधारलाय."

मी तिला चहा दिला. बशीत निम्मा सांडला. निदान मला वाटतं, तिच्या हातून.

ती गेल्यावर मी लहान खोलीत गेले आणि दिवा लावला. लाडीगोडी मला जमत नाही. विचारलं, "लेस्टर, तू मरायचा विचार करतोयस का?"

तो उठून बसला. मग म्हणाला, "मी करत नाही. तो येतो."

"किती दिवस?"

"पोट बिघडलं की तो येतो. मग तो आला की पोट बिघडतं. खाल्लं नाही की दोघे जरा लांब राहतात." मग अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुला त्रास होऊ नये असं सगळं लावलं होतं, आर्डिथ. भट्टीसुद्धा."

मी म्हटलं, "बूट घाल." त्याने घातले. रस्त्यावर बर्फ होतं. यार्मथपर्यंत मी गाडी चालवली, एका हाताने. दुसऱ्या हातात त्याची बाही धरलेली होती. असं चालवणं नियमाविरुद्ध आहे.

२७ जानेवारी

हॉस्पिटल. त्याला ठेवून घेतलं. शिरेतून सलाइन, रक्त दोन बाटल्या. उपाशी राहून आतडं बरं झालंच नव्हतं, आत जखमा तशाच. डॉक्टर अमिरो रोज येते. मनाची दुसरी डॉक्टर सकाळी येऊन त्याच्याशी बोलते, तेव्हा मला बाहेर बसवतात. दोन्ही औषधं एकदम सुरू केली.

मी डॉक्टर अमिरोला म्हटलं, "तो शांत झाला, ते मला बरं लक्षण वाटलं."

ती म्हणाली, "पुष्कळांना वाटतं." मग माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिला इतर रोगी आहेत, हे मी तिला सांगितलं. तरी ती बसली.

६ फेब्रुवारी

वाऱ्यामुळे बोटी बांधलेल्या. क्लेटन आला. मी लेस्टरला आदल्या दिवशी म्हटलं होतं की मी शब्द दिलाय, तो पाळीन, पण तूच त्याला सांगितलंस तर माझ्यावर उपकार होतील.

क्लेटन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, टोपी हातात. हवेबद्दल बोलला. हॉस्पिटलच्या चहाबद्दल बोलला. हॉकीबद्दल बोलला. समुद्राचं नाव निघू नये म्हणून माणूस किती लांबचे वळसे घेऊ शकतो! शेवटी लेस्टरच म्हणाला, "क्लेटन, मेमध्ये मी बोट वळवली ना. मला बादलीपर्यंत पोचता आलं नाही. विजारीत झालं. पोटाचं दुखणं आहे. पुष्कळ वर्षांचं."

क्लेटन त्याच्याकडे बघत राहिला.

"बादली?"

"हो."

"म्हणजे तू घाबरला नव्हतास?"

"पाण्याला? वेडा आहेस का?"

"आठ महिने!" क्लेटन ओरडला. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा जागा झाला. "आठ महिने तुझ्या दारावरून जाताना मी ट्रकचा रेडिओ बंद करायचो! बर्निसला म्हटलं, मासळी नेऊ नकोस त्यांच्याकडे, त्याला वास सोसायचा नाही. पोरांना सांगितलं, तांडेल दिसला तर रस्ता बदला. आणि हा बादलीसाठी बसलाय! अरे, पहिल्या मोसमात मी तुझ्या बुटात ओकलो होतो. बुटात! काय म्हणाला होतास?"

"आठवत नाही."

"म्हणालास, 'बरं झालं, पाय गार पडले होते.' आणि घातलास तो! दिवसभर घालून हिंडलास! आणि मला सांगायला तुला लाज वाटली?" मग त्याने टोपी तोंडावर दाबून धरली आणि तसाच उभा राहिला. मोठ्या देहाचा माणूस आहे, खांदे हलताना सगळा पलंग हलत होता.

लेस्टर म्हणाला, "आणि त्या दिवशी पूर्वेच्या खडकाकडे का गेलास? दोर गेले ना?"

"नऊ गेले," क्लेटन टोपीतूनच म्हणाला.

नर्सने येऊन दोघांना आवाज कमी करायला सांगितलं. मी तिला म्हटलं की तो माझा विद्यार्थी आहे, मी बघते. मी काही केलं नाही.

९ फेब्रुवारी

मला वाटलं होतं, आता झालं. झालेलं नाही. परवापासून पुन्हा भिंतीकडे तोंड. क्लेटन रोज फोन करतो, लेस्टर घेत नाही. मनाची डॉक्टर म्हणते की असंच होतं, दोन पावलं पुढे, एक मागे. मी विचारलं, एकूण पावलं किती? तिला माहीत नाही. निदान खोटं बोलत नाही.

घरी एकटी आहे. भट्टी बंद पडली होती, चालू केली. एकदाच करून जमलं. मला अतिशय राग आला.

२१ फेब्रुवारी, हॅलिफॅक्स

औषधं आतड्याला पुरेनात, म्हणून त्याला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. सर्जन सकाळी बोलून गेले. मोठं आतडं काढून टाकायचं. व्रण गेले, रक्त गेलं, धावणं गेलं. पोटावर एक छोटं तोंड ठेवतात, त्यावर मळ गोळा करणारी पिशवी. काही महिन्यांनी बोटीवरसुद्धा जाता येईल, रबरी विजारीखाली कुणाला दिसायचीही नाही. मन लगेच उजळेल असं नाही, ते औषध आणि बोलणं चालूच ठेवायचं, पण त्याला खाली ओढणारा एक दगड तरी सुटेल. न काढलं तर पुढचा हल्ला कधी आणि किती मोठा, ते सांगता येत नाही. निर्णय रोग्याचा.

लेस्टर हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

ते गेल्यावर मी बोलले. पुष्कळ बोलले. मुद्दे मांडले, वर्गात मांडायचे तसे. बादली लागणार नाही. खाता येईल. क्लेटनला आणखी दोर तोडण्यापासून वाचवता येईल. तो ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "आणि तू?"

"मी काय?"

"पोटावर पिशवी लावलेल्या माणसाशेजारी तू झोपशील?"

"झोपायचा प्रश्न कुठे आला? तू तर तिकडे लहान खोलीत—"

"तू पलंग लावलास तिथे."

"संडास जवळ पडावा म्हणून!" माझा आवाज चढला. "मला वाटलं, तुला तेच हवंय."

"मला वाटलं, तुला," तो म्हणाला.

खिडकीबाहेर भरदुपारचं ऊन बर्फावर पडलं होतं, खोलीत नको इतका उजेड. मी उठले. कोट काढून खुर्चीवर ठेवला. बूट काढले, एकाशेजारी एक. मग पलंगाचा कठडा खाली करण्याचा खटका शोधला. तो डाव्या हाताला, खालून आहे. नर्स दारात आली.

"मिसेस निकर्सन, काय करताय? तो पलंग एका माणसाचा आहे."

"ते दिसतंय मला."

"असं चालत नाही इथे."

"तेही ठाऊक आहे," मी म्हटलं, आणि लेस्टरला म्हटलं, "सरक."

तो सरकला. हाडं टोचतात त्याची. माझ्या केसांत अडकू नये म्हणून त्याने सलाइनची नळी हाताने वर धरून ठेवली होती. नर्स अजून तिथेच उभी.

"त्या सर्जनना सांगा, मी तयार आहे," लेस्टर तिला म्हणाला. "पण आत्ता बोलावू नका."